रूबी मायर्सचा आवाज

आमच्या घरात ‘सुलोचना’ हे नाव निघाले की कोणती सुलोचना, हे आधी ठरवून घ्यावे लागते. आईच्या लेखी सुलोचना म्हणजे सुलोचनादीदी लाटकर, पांढऱ्या साडीतल्या, डोळ्यांत पाणी आणि ओठांवर ‘बाळा’ असलेल्या. काकाच्या लेखी सुलोचना चव्हाण, म्हणजे ठसक्यातली लावणी. आजोबा मात्र दोघींनाही बाजूला सारून म्हणत, ‘‘सुलोचना एकच. इंपीरियलची.’’ लहानपणी त्यांनी ती पुण्यात मंडईजवळच्या आर्यन थिएटरमध्ये पडद्यावर पाहिली होती. ती काय बोलली हे त्यांना सांगता येत नसे, कारण ती बोललीच नव्हती. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट म्हणून आम्ही हसून सोडून देत असू. आजोबा गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी मला कळले की इंपीरियल फिल्म कंपनीच्या मूकपटांतल्या ज्या नटीबद्दल ते बोलत होते तिचे खरे नाव रूबी मायर्स होते आणि ती जन्माने पुण्याची होती.

रूबीचा जन्म १९०७ सालचा, बगदादी ज्यू कुटुंबातला. इथे थोडे थांबून सांगावे लागेल, कारण महाराष्ट्रात ज्यू म्हटले की आपल्याला बेने इस्रायली आठवतात. कोकणात तेलाचा घाणा चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून शनिवार तेली म्हटले जाणारे हे लोक शतकानुशतके घरात मराठीच बोलत आले. बगदादी ज्यूंची गोष्ट निराळी. ते एकोणिसाव्या शतकात व्यापारासाठी मुंबईत उतरले, डेव्हिड ससूनसारख्यांनी अफाट पैसा मिळवला, आणि त्या पैशातून पुण्यात ससून रुग्णालय आणि कॅम्पातले लाल देऊळ उभे राहिले. मात्र घरातली त्यांची भाषा आधी अरबी आणि पुढे इंग्रजी अशी राहिली. आपण रोज ज्याच्यावरून जातो त्या लाल विटांच्या मनोऱ्याखाली एक वेगळेच पुणे नांदत होते, आणि पेठांतल्या पुण्याशी त्याचे बोलणे जेमतेम कामापुरते असावे. रूबी या दुसऱ्या पुण्यातली. ससूनची श्रीमंती काही प्रत्येक बगदादी घरात आली नव्हती. रूबी नोकरी करत होती.

आणि नोकरी कोणती, तर टेलिफोन ऑपरेटरची. हा तपशील तिच्यावरच्या प्रत्येक लेखात येतो आणि पुढच्याच वाक्यात मागे पडतो, पण मला मात्र तिथून पुढे जाववत नाही. त्या काळी फोन लावणे म्हणजे बोटाने आकडे फिरवणे नव्हते. ग्राहकाने रिसीव्हर उचलला की एक्स्चेंजमधल्या फळीवर त्याच्या खुणेचा दिवा लागे किंवा झडप पडे. कानाला हेडफोन लावून ओळीने बसलेल्या मुलींपैकी एक दोरीच्या टोकाची पिन त्या भोकात खुपसे, ‘नंबर प्लीज’ म्हणे, आणि दुसरी पिन मागितलेल्या नंबरच्या भोकात बसवून दोन अनोळखी माणसांची गाठ घालून देई. स्वच्छ इंग्रजी उच्चार आणि न चिडणारा आवाज, ही या कामाची पात्रता. म्हणून अँग्लो-इंडियन, पारशी, ज्यू मुलींना ते काम मिळे. म्हणजे जी बाई पुढे हिंदुस्थानातल्या मूकपटांची सर्वांत मोठी तारका झाली, तिची पहिली कमाई निव्वळ आवाजाची होती. तिथे तिचा चेहरा कोणाला दिसत नव्हता.

कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी तिला चित्रपटात काम करण्याविषयी विचारले तेव्हा तिने नकार दिला. त्यात नवल नाही. जेमतेम बारा वर्षांपूर्वी, १९१३ साली, दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’मधल्या तारामतीसाठी एकही स्त्री मिळाली नव्हती, शेवटी ग्रँट रोडवरच्या एका खानावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी ती भूमिका केली. त्यानंतर ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या पडद्यावर आल्या खऱ्या, पण त्यामुळे सरसकट घरांची दारे उघडली असे झाले नाही. प्रतिष्ठित हिंदू किंवा मुसलमान घरातली मुलगी कॅमेऱ्यापुढे उभी राहणे १९२०च्या दशकातही जवळपास अशक्य होते, आणि ती पोकळी ज्या मुलींनी भरली त्या अँग्लो-इंडियन आणि ज्यू समाजांतल्या होत्या. शिक्षण, नोकरी, परपुरुषाशी बोलणे या गोष्टींचे त्यांच्या घरात तेवढे वावडे नव्हते. तरीही रूबी नाही म्हणाली, म्हणजे सिनेमाची बदनामी त्या घरांपर्यंतही पोचली होतीच. भवनानींनी पिच्छा सोडला नाही आणि अखेर १९२५ साली ‘वीर बाला’मधून ती पडद्यावर आली.

पडद्यावर मात्र रूबी मायर्स हे नाव चालण्यासारखे नव्हते. रेनी स्मिथ या अँग्लो-इंडियन नटीची सीतादेवी झाली, रूबीची सुलोचना झाली. मला या नावबदलात एक बारीकशी गंमत दिसते. सीता निदान रामायणातली तरी आहे. सुलोचना म्हणजे नुसती सुंदर डोळ्यांची. ज्या माध्यमात बाईला तोंड उघडून काही सांगता येत नाही, तिथे तिचे नाव डोळ्यांवरून ठेवण्यात नाव ठेवणाऱ्याने धंद्याचे मर्म बरोबर ओळखले होते. (रामायणातही एक सुलोचना आहे, इंद्रजिताची पत्नी, पण ती आठवून कोणी हे नाव दिले असेल असे वाटत नाही.)

१९२६ या एका वर्षातली तिच्या चित्रपटांची नावे पाहिली तरी त्या काळच्या मुंबईत काय घडत होते ते कळते: ‘सिनेमा क्वीन’, ‘टेलिफोन गर्ल’, ‘टायपिस्ट गर्ल’. पौराणिक देवींच्या गर्दीत अचानक नोकरी करणाऱ्या मुली उगवल्या. ‘टेलिफोन गर्ल’मध्ये तर ती आपलीच जुनी नोकरी पडद्यावर करत होती, फरक एवढाच की आता चेहरा दिसत होता आणि आवाज गेला होता. ‘टायपिस्ट गर्ल’ चंदुलाल शहांनी अवघ्या सतरा दिवसांत उरकला आणि त्यात सुलोचनाबरोबर गोहर होती. एकाच चित्रपटात पुढच्या काळातल्या दोन मोठ्या तारका, आणि दोघीही पदराआड न लपणाऱ्या. प्रेक्षकांत बसलेल्या बहुतेक पुरुषांनी ऑफिसात काम करणारी बाई प्रत्यक्षात कधी पाहिलीही नसेल. त्यांना ती पहिल्यांदा सुलोचनाच्या रूपात भेटली, आणि तिचा त्यांनी धसका न घेता तिच्यावर जीव टाकला, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

मग ती आर्देशिर इराणींच्या इंपीरियल फिल्म कंपनीत गेली आणि १९२७ साली ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ आला. त्यात तिने आठ भूमिका केल्या. बागेतला माळी, पोलीस, हैदराबादी गृहस्थ, रस्त्यावरचे पोर, सोनेरी केसांची युरोपियन बाई, अशी ती एकामागून एक सोंगे. ही यादी पुन्हा एकदा सावकाश वाचावी. चौदा वर्षांपूर्वी तारामतीची साडी एका पुरुषाला नेसावी लागली होती. आता वीस वर्षांची एक मुलगी पोलिसाची टोपी घालून आणि हैदराबादी शेरवानीत मिरवत होती, आणि लोक पैसे मोजून ते पाहत होते. दोन्हींचे अंतर दीड दशकही नाही. बरे, मूकपटात असे सोंग वठवणे बोलपटापेक्षा अवघड की सोपे? मला वाटते, दोन्ही. आवाज बदलावा लागत नाही हे सोपे. पण माळी कसा उभा राहतो आणि पोलीस कसा उभा राहतो हा फरक केवळ पाठीच्या कण्यातून आणि टाचांतून दाखवायचा, तोही कोणत्याही संवादाचा टेकू न घेता, हे अवघड. आजोबा सांगत की पडद्यावर पोलीस आला की पोरे ओरडत, ‘‘तीच आहे, तीच आहे!’’ ओळखू येणे हाच त्यातला आनंद होता.

या सगळ्यामागे मूकपटाची जी सोय होती ती नीट समजून घेतली पाहिजे. पडद्यावरच्या पाट्यांवर एकाखाली एक दोन-तीन, कधी चार भाषांतला मजकूर असे. ज्याला वाचता येई तो शेजाऱ्यांसाठी मोठ्याने वाचे, समोर पेटी-तबला चालू असे, आणि नटी मुळात कोणत्या भाषेत ओठ हलवते आहे याच्याशी कोणाला काही देणेघेणे नसे. लाहोरच्या प्रेक्षकाला ती पंजाबी वाटू शकत होती आणि पुण्याच्या प्रेक्षकाला मराठी. घरी इंग्रजी बोलणारी मुलगी अशा रीतीने साऱ्या देशाची झाली. तिचे गप्प असणे हे तिचे सर्वांत मोठे भांडवल होते, आणि हे भांडवल एक दिवस कोणी काढून घेईल अशी शंका येण्याचे तेव्हा काही कारण नव्हते.

१९२८-२९ ही तिच्या कीर्तीची शिगेची वर्षे. आर. एस. चौधरी यांच्या दिग्दर्शनाखाली ‘माधुरी’, ‘अनारकली’ आणि ‘इंदिरा बी. ए.’ असे तीन चित्रपट लागोपाठ आले आणि गाजले. त्यांतल्या ‘अनारकली’ची कहाणी व्यापारी चपळाईचा नमुना म्हणून सांगण्यासारखी आहे. इम्तियाज अली ताज यांच्या नाटकावरून लाहोरची ग्रेट ईस्टर्न कंपनी सीतादेवीला घेऊन भव्य चित्रपट काढत होती. इंपीरियलने तोच विषय उचलला, सुलोचना आणि दिनशा बिलिमोरिया यांना उभे केले, आणि आपली अनारकली आधी बाजारात आणली. उशिरा आलेल्या अनारकलीला मग भिंत आयतीच मिळाली. ‘माधुरी’मधले तिचे नृत्य इतके लोकप्रिय होते की महात्मा गांधींच्या हस्ते झालेल्या एका खादी प्रदर्शनाच्या उद्घाटनाचा लघुपट दाखवला गेला तेव्हा गर्दी खेचण्यासाठी त्याला ते नृत्य, आवाजाची जोड देऊन, चिकटवण्यात आले असे सांगतात. गांधीजींनी सिनेमाला उघड उघड पाप मानले होते. आपल्या खादीच्या शेजारी कोण नाचते आहे हे त्यांच्या कानावर गेले की नाही, कोण जाणे.

तिच्या पगाराबद्दलही एक दंतकथा आहे आणि ती मला खोडून काढावीशी वाटते. ‘सुलोचनाला मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त पगार होता’ हे वाक्य जिथे तिथे सापडते. तिचा पगार महिना पाच हजार सांगितला जातो; मुंबईच्या गव्हर्नरचे वेतन १९३५च्या कायद्याप्रमाणे वर्षाला एक लाख वीस हजार, म्हणजे महिना दहा हजार होते. तेव्हा हिशेब काही जुळत नाही. पण सोने तोळ्याला तीस-पस्तीस रुपये असण्याच्या काळात महिना पाच हजार म्हणजे दरमहा सव्वाशे तोळ्यांहून अधिक सोने, आणि दारात शेवरोले गाडी. एवढे असताना गव्हर्नरला मध्ये आणण्याची गरज काय, हे मला कळत नाही. लोकांना बहुधा बाईच्या कमाईचे मोजमाप करायला एखादा साहेब लागतोच.

१४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. तो काढला सुलोचनाच्याच कंपनीने, तिच्याच मालकाने. स्टुडिओच्या शेजारून रेल्वे जात असल्याने चित्रीकरण मध्यरात्रीनंतर, गाड्या थांबल्यावर चाले. मायक्रोफोन नटांच्या आसपास कुठेतरी लपवलेले असत. एवढ्या ऐतिहासिक चित्रपटाची नायिका कंपनीची सर्वांत मोठी तारका असायला हवी होती, पण ती होती झुबेदा. सुलोचनाला हिंदुस्तानी सफाईने बोलता येत नव्हते. नायक मास्टर विठ्ठल यांची गत तर त्याहून विनोदी. त्यांना इंपीरियलने दुसऱ्या कंपनीकडून ओढून घेतले, त्यावरून कोर्टकचेरी झाली, बॅरिस्टर जिनांनी त्यांची बाजू लढवून खटला जिंकून दिला. आणि एवढे करून मिळवलेल्या नायकाचे उच्चार ऐकल्यावर चित्रपटात त्यांना बराच वेळ बेशुद्ध किंवा गुंगीत ठेवावे लागले. पुरुषाला गुंगीत ठेवून निभावून नेले, बाईला बाजूला बसवले. हे माझे मत आहे, इतिहासकारांचे नाही.

सुलोचना बाजूला बसून राहिली नाही. तिने वर्षभर कामातून अंग काढून घेतले आणि हिंदुस्तानी शिकली. देशातली सर्वांत लोकप्रिय नटी पंचविशीच्या उंबरठ्यावर वही घेऊन अलिफ-बेपासून बसते, हे चित्र मला तिच्या आठही सोंगांपेक्षा मोठे वाटते. १९३२ साली ‘माधुरी’चा बोलपट घेऊन ती परतली आणि लोकांनी तिला स्वीकारले. पुढे १९३४ साली ‘इंदिरा एम. ए.’ आला, मूकपटातली इंदिरा बी. ए. मधल्या पाच वर्षांत एम. ए. झाली होती, आणि तिच्याइतकाच अभ्यास नायिकेनेही केला होता. १९३५ साली ‘अनारकली’, १९३६ साली ‘वाइल्डकॅट’ची ‘बम्बई की बिल्ली’. बहुतेक ठिकाणी समोर दिनशा बिलिमोरियाच, आणि पडद्याबाहेरही ती दोघे प्रेमात असल्याची चर्चा.

ही नावे ओळीने ठेवली की एक गोष्ट खटकते. बोलपटातले तिचे सगळे मोठे यश हे तिच्याच मूकपटांचे पुनर्मुद्रण आहे. कंपनीने तिला नवे काही बोलायला दिलेच नाही. जे ती न बोलता बोलून चुकली होती तेच तोंडाने म्हणायला लावले. दरम्यान बाहेर काळ बदलत होता. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गा खोटे तारामती झाल्या, एका सुशिक्षित, प्रतिष्ठित मराठी घरातल्या बाई, ज्यांना भाषा शिकावी लागली नाही. १९३३ साली प्रभात कोल्हापूरहून पुण्यात आली, सुलोचनाच्या जन्मगावी, आणि तिथे शांता आपटे स्वतःच्या गळ्याने गाऊ लागल्या. पार्श्वगायन रुळायचे होते; नायिकेला चेहऱ्याबरोबर गळाही लागत होता. ज्या प्रतिष्ठित मुलींच्या गैरहजेरीमुळे रूबीसाठी जागा झाली होती, त्या मुली आता येऊ लागल्या होत्या. १९३०चे दशक संपता संपता बिलिमोरियाशी असलेली जोडी फुटली, इंपीरियल बंद पडली, आणि सुलोचनाच्या दारात निर्मात्यांची रीघ राहिली नाही. रूबी पिक्स नावाची स्वतःची संस्था तिने काढून पाहिली होती, तिचाही फारसा उपयोग झाला नाही.

त्यानंतर ती लहानसहान भूमिका करत राहिली. १९४७च्या ‘जुगनू’मध्ये दिलीपकुमार आणि नूरजहाँ होते, पण वाद झाला तो सुलोचनावरून: एक प्रौढ प्राध्यापक तिच्या प्रौढ सौंदर्यावर भाळतो, हे मुंबई प्रांताचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांना अनैतिक वाटले आणि चित्रपटावर बंदी आली. चाळिशीतल्या बाईवर कोणी भाळणे हा गुन्हा! एका अर्थाने तिच्या डोळ्यांना सरकारने दिलेले ते शेवटचे प्रशस्तिपत्र म्हणायचे. १९५३ साली ‘अनारकली’ पुन्हा एकदा निघाला, बीना राय आणि प्रदीपकुमार यांना घेऊन. त्यात सुलोचना सलीमची आई झाली. १९२८ साली मुक्याने आणि १९३५ साली बोलून जिने अनारकली रंगवली, ती आता महालात, सासूच्या जागी बसली होती.

लेखभर मी तिला ‘ती’ म्हणत आले आहे, कारण पडद्यावरच्या मुलीला आपण तसेच म्हणतो. १९७३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मात्र श्रीमती रूबी मायर्स यांना मिळाला, आणि तिथे ‘त्या’ म्हणणेच योग्य. देविका राणींनंतर हा मान मिळालेल्या त्या दुसऱ्या स्त्री. १० ऑक्टोबर १९८३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

ज्या मूकपटांवर ही सारी कीर्ती उभी आहे, ते आज पाहायला मिळत नाहीत. भारतात तेराशेहून अधिक मूकपट निघाले आणि त्यांतले पूर्ण-अपूर्ण धरून जेमतेम तीसेक हाती लागले. जुनी नायट्रेट फिल्म पेट घेई, सडे, चिकटून तिची वडी होई; आणि जी उरे तिच्यातली चांदी काढून विकली जाई. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे करणारे पी. के. नायर सांगत की ते ‘आलम आरा’च्या शोधात इराणींकडे गेले, तेव्हा इराणींच्या मुलाने बाहेर आल्यावर ओशाळून कबूल केले की चांदीसाठी तीन रिळे त्यानेच मोडीत काढली होती. मालकाच्या घरात पहिल्या बोलपटाचे हे झाले, तिथे ‘वाइल्डकॅट’ची काय कथा. ती जन्मली त्या गावात देशभरचे चित्रपट जपणारी संस्था आहे, आणि तिचे ते पोलिसाचे सोंग तिथे नाही.

म्हणून गेल्या महिन्यात मी आईला शेजारी बसवून १९५३चा ‘अनारकली’ लावला. जोधाबाई पडद्यावर आल्या तेव्हा मी म्हटले, ‘‘ही सुलोचना.’’ आईने चष्मा पुसला, थोडे पुढे वाकून पाहिले आणि म्हणाली, ‘‘छे, ही आपली सुलोचना नव्हे.’’ मी सांगितले की ही आजोबांची सुलोचना, आणि जन्माने पुण्याची. आईला ते काही पटेना. ‘‘पुण्याची? मग मराठी बोलायची का गं ही?’’ तेवढ्यात जोधाबाई बोलू लागल्या, म्हणून मी आवाज वाढवला.